नुसती उत्सुकता असेल तर आयक्यू काढू नका

'मुलगी चार वर्षांची आहे, आयक्यू काढून घ्यावा का?' असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मूल वयाप्रमाणे बोलतंय, खेळतंय आणि फक्त किती हुशार आहे ते बघायचंय, तर नको. काही खटकत असेल तर जरूर.

बिने आणि सिमों या मानसशास्त्रज्ञांनी 1905 साली फ्रान्समध्ये बुद्धीची चाचणी बेतली तीसुद्धा शाळेत वेगळी मदत लागणारी मुलं ओळखायला. हुशारांची क्रमवारी लावणं हे नंतरचं खूळ.

या वयात आकडा का डळमळतो ते चाचणीच्या टेबलाशीच दिसतं. मुलापुढे लाल-पांढरे ठोकळे असतात, चित्रातल्यासारखी नक्षी जुळवायची आणि तीही ठरलेल्या वेळात. पोर नक्षी सोडून मनोरा रचत बसतं. गुण शून्य! जमलं नाही की करायचंच नव्हतं, हे आकड्यात उमटत नाही. तपासणाऱ्याने टिपून ठेवलं असेल तरच कळतं. अपुरी झोप, अनोळखी माणूस, सर्दीने कानाला बसलेले दडे, सगळं गुणांत उतरतं.

बोलणं मागे पडलंय, साध्या सूचना कळत नाहीत, शिकलेलं टिकत नाही, अशी शंका असेल तर आधी कान आणि डोळे तपासून घ्या. ऐकूच कमी येत असेल तर पुढचं सगळं फुकट. चाचणी घरच्या भाषेत, सकाळी, खाणं झाल्यावर. जन्मतारीख अचूक द्या. गुणांची तुलना काही महिन्यांच्या वयोगटाशी होते, तारीख चुकली की तक्ताच बदलतो. घरी सराव नको. तीच चाचणी वर्षाच्या आत पुन्हा घेतली तर सरावाचेच गुण वाढतात. मोबाइलवरच्या दहा प्रश्नांना चाचणी म्हणू नका.

अहवालात एकच आकडा दिला तर पट्टा मागा, म्हणजे खरा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकतो ते. सरासरी 100 धरलेली असते आणि साधारण दोन तृतीयांश मुलं 85 ते 115 मध्ये येतात. 108 आणि 112 मध्ये फरक शोधण्यात अर्थ नाही. भाषेचे गुण 85 आणि नक्षीचे 115 असतील तर मात्र तिथेच थांबून विचारा, कारण दोन्हींची सरासरी 'सगळं ठीक' म्हणते आणि भाषेतली अडचण झाकली जाते.

मुलीला 'परीक्षा' म्हणू नका. 'एका ताईंकडे कोडी सोडवायला जायचंय' एवढं पुरे. आणि परतताना 'किती आली?' विचारू नका.