बाबांच्या पाच स्पेस

रिटायर झाल्यावर बाबांनी आठवणी टाइप करायला घेतल्या, त्याची 160 पानांची वर्ड फाइल मागच्या महिन्यात माझ्याकडे आली, "फॉन्ट जरा मोठा कर आणि प्रिंट काढून दे" एवढंच. म्हटलं दहा मिनिटांचं काम. फॉन्ट वाढवला, पुस्तकासारखं दिसावं म्हणून जस्टिफाय मारलं (म्हणजे ओळींच्या दोन्ही कडा सरळ) आणि प्रत्येक पॅरा वेगळ्याच ठिकाणी सुरू व्हायला लागला, एक इकडे एक तिकडे, पंगतीत उशिरा आलेल्या माणसांसारखे.

होम टॅबवरचं ते उलट्या पीसारखं चिन्ह दाबलं तेव्हा कळलं. पॅराच्या आधी ठिपके, मुंग्यांची रांग लागावी तसे. पाच स्पेस! बाबा टाइपिंग शिकले टाइपरायटरवर, तिथे स्पेसचं माप ठरलेलं, पाच म्हणजे पाचच. वर्डमध्ये जस्टिफाय केलं की ओळीतली प्रत्येक स्पेस ताणली जाते, सुरुवातीच्या पाचही, मग इंडेंट, म्हणजे पॅराच्या सुरुवातीची मोकळी जागा, दर पॅराला वेगळा होणारच ना.

आता 160 पानं हाताने कोण पुसणार. एक जुनी युक्ती आठवली, सगळं सिलेक्ट करून कंट्रोल ई (सगळं मध्ये), मग कंट्रोल एल (परत डावीकडे), वर्ड सेंटर करताना ओळीच्या सुरुवातीच्या स्पेस खाऊन टाकतं. झटक्यात साफ. पण बाबांनी आजीच्या जात्यावरच्या ओव्या पण स्पेस देऊन देऊनच मध्ये आणल्या होत्या, त्याही सगळ्या डावीकडे येऊन चिकटल्या 😅 (केलेलं परत फिरवणारं कंट्रोल झेड जिंदाबाद, पण माझ्या लक्षात येईपर्यंत मी फाइल सेव्ह करून बंद केली होती.)

मग नीट बसलो. पॅराग्राफच्या बॉक्समध्ये स्पेशलखाली फर्स्ट लाइन असतं ते घेतलं. तिथे आपोआप 1.27 सेंटिमीटर येतं, म्हणजे अर्धा इंच, छोट्या पानावर ते फार आत जातं म्हणून मी 0.8 केलं. आणि हे नॉर्मल स्टाइलमध्ये (स्टाइल म्हणजे फॉरमॅटिंगचा साठवलेला संच) करू नका हां, हेडिंगपासून टेबलापर्यंत सगळंच आत सरकू शकतं, बॉडी टेक्स्टमध्ये करा. ओव्यांसाठी वेगळी स्टाइल, डावीकडून 2 सेंटिमीटर, ओळ तोडायला शिफ्ट एंटर म्हणजे अख्खी ओवी एकच पॅरा राहते. फक्त तिला जस्टिफाय ठेवलं तर तीन शब्दांची ओळ पानभर ताणते, ते लेफ्ट अलाइन केलं तेव्हा कुठे आजी ओळखू यायला लागली.

प्रत्येक प्रकरणाचा पहिला पॅरा मी मुद्दाम इंडेंट न देता ठेवला, छापील पुस्तकात बऱ्याचदा तसा असतो. बाबांनी प्रिंट हातात घेतली, चष्मा वर केला, लाल पेनाने तिथे बाण काढला आणि म्हणाले, "इथे पाच स्पेस राहिल्यात तुझ्या."

चौदा प्रकरणं, चौदा बाण.