स्टेशनमास्तर दुष्ट नव्हता

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. “बाई, तुम्ही माळकरी. मग अस्पृश्यतेचा दोष कुणाला देता, धर्माला की माणसांना?” साताऱ्यात इतिहास शिकवत होते तेव्हा मुलं विचारायची, आता त्या मुलांची मुलं विचारतात. वारीत फलटणच्या मुक्कामीही कुणी ना कुणी हा विषय काढतंच. बहुतेकांना “धर्म चांगला, माणसं वाईट” एवढं ऐकायचं असतं. मी ते म्हणत नाही, आणि त्याला कारण आहे मसूरचं स्टेशन.

साल १९०१. साताऱ्यात शिकणारा लहानगा भीमराव, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुलं वडिलांना भेटायला निघाली. वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावला दुष्काळी कामावर रोखपाल होते. मुलांच्या अंगात नवे सदरे, डोक्यावर झगमगीत टोप्या, रेशीमकाठी धोतरं. पाडळीला गाडीत बसली, मसूरला उतरली. न्यायला कुणीच आलं नव्हतं. एवढीशी पोरं एकटी उभी बघून स्टेशनमास्तरला कळवळा आला, त्यानं चौकशी केली. पोरगं पटकन बोलून गेलं, “आम्ही महार.” स्टेशनमास्तरचा चेहराच बदलला. तो मागं सरला आणि आपल्या खोलीत निघून गेला. अर्ध्या तासानं परत आला. गाडीवाले बाटायच्या भीतीनं मुलांना घ्यायला तयार नव्हते. तेव्हा त्यानंच तोड काढली: भाडं दुप्पट, गाडी मुलांनी हाकायची, गाडीवान बाजूनं चालेल. मुलांजवळ जेवण होतं, पाणी नव्हतं. टोलनाक्यावर मुसलमान म्हणून सांगून मागितलं, तिथंही मिळालं नाही. त्या रात्री मुलं तशीच उपाशी झोपली. आंबेडकरांनी ही आठवण स्वतः लिहून ठेवली आहे.

मी ती वर्गात सांगायचे तेव्हा मुलं स्टेशनमास्तरला शिव्या द्यायची. मी म्हणायचे, थांबा, नीट बघा. हा माणूस कनवाळू आहे. अनोळखी पोरांसाठी गाडीवानांशी घासाघीस करतोय. त्याच्या मनात या मुलांविषयी वैर नाही. तरी तो मागं सरला, आणि आपण काही वाईट केलं असं त्याला वाटलंही नाही. चोराला निदान आपण चोरी करतोय हे माहीत असतं. स्टेशनमास्तरला आपण आचार पाळतोय असं वाटत होतं. चांगल्या माणसाच्या हातून अन्याय होतो आणि त्याचं मन त्याला खात नाही, तिथं ज्यानं ते मन घडवलं त्याला जाब विचारायलाच हवा. बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण होऊ न दिलेल्या भाषणात हेच ठणकावून सांगितलं: जात पाळणारी माणसं चुकत नाहीत, त्यांना ती पाळायला शिकवणारा धर्म चुकतो. मला हे पचायला जड गेलं. पण तोडीस तोड उत्तर मला आजवर सापडलेलं नाही.

कुणी म्हणतं, धर्म निमित्त, खरं कारण सत्ता. ते खरं असतंही. १७४९ साली साताऱ्याचे छत्रपती शाहू महाराज गेले आणि त्यांच्या राणी सकवारबाई माहुलीला सती गेल्या. त्यांना वाटेतून दूर करण्यासाठी पेशव्यांनी ते घडवून आणलं, असं पुढं साताऱ्याला इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे प्रतिनिधी, असलेला ग्रँट डफ लिहितो. तो आरोप खरा धरला तरी प्रश्न उरतोच: डाव राजकारणाचा, पण तो चालला कशाच्या जोरावर? सती जाणं पुण्याचं आणि मागं राहणं घराण्याला कमीपणाचं, हे लोकांच्या मनात आधीच पक्कं होतं.

हे फक्त आपलंच नाही. अमेरिकेत गुलामांचे मालक बायबल दाखवायचे, गुलामी मोडायला निघालेले क्वेकर पंथाचे ख्रिस्तीही बायबलच दाखवायचे. गुलाम ठेवण्याच्या वादातूनच १८४५ साली तिथं सदर्न बॅप्टिस्ट पंथ वेगळा झाला. त्या पंथानं माफी मागितली १९९५ साली. दीडशे वर्षं लागली, पण “तेव्हाची माणसं वाईट होती” म्हणून त्यांनी हात झटकले नाहीत.

एकनाथ आमचे, तुकोबा आमचे, वारी आमची, आणि मसूरचा स्टेशनमास्तर मात्र कुणाचाच नाही? वडिलांची जमीन नावावर करून घ्यायची आणि सोसायटीचं कर्ज मात्र नाकारायचं, असं कुठं चालतं?

एक गोष्ट मात्र मी तितक्याच ठामपणे सांगते. जाब धर्माला विचारायचा, शेजाऱ्याला नाही. प्रतापगडाचा विषय निघाला की वर्गातल्या मुसलमान मुलाकडं माना वळलेल्या मी पाहिल्यात. मग मी सांगायचे, अफझलखानाचा वकील कृष्णाजी भास्कर कुलकर्णी, तो ब्राह्मण. आणि शिवाजी महाराजांच्या अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम. त्या लेकरानं १६५९ चा हिशोब का द्यायचा? त्यानं काही केलेलं नाही. त्याच न्यायानं आजच्या ब्राह्मण मुलीनंही मान खाली घालायची गरज नाही. पण आपल्या पोथीत काय लिहिलंय ते तिनं वाचावं आणि जे चूक आहे त्याला चूक म्हणावं. मीही तेच करते.

मग माळ का ठेवलीस, असंही विचारता. माझी भक्ती विठ्ठलावर आहे आणि ती खरी आहे, म्हणून. आणि आतल्यानं विचारलेलं घरात ऐकलं जातं, असा माझा अनुभव आहे. आमच्या सप्ताहात चोखोबांचे अभंग दरवर्षी होतात, डोळे पुसले जातात. चोखोबांना देवळाबाहेर कुणी ठेवलं, कुठल्या नियमानं ठेवलं, आणि त्यांच्या समाजाला आत जाता यावं म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषण का करावं लागलं, हे कीर्तनात कधी येत नव्हतं. या वर्षी मी बुवांना ते सांगायची विनंती केली. त्यांनी सांगितलं, अर्धा तास, काही हातचं न राखता. काही मंडळी उठून गेली. पुढच्या वर्षी बुवांना बोलवायचं की नाही, यावर कमिटीत अजून वाद चालू आहे. बोलवाच म्हणणाऱ्यांत मी आहे.