गंजलेली घरं आणि साडेतीन मिनिटांचा समुद्र

दक्षिण फ्रान्समधल्या मोंपेलिए स्टेशनला पेर्पिन्यांची गाडी लागली आणि मी धावत जाऊन डावीकडची खिडकी धरली. नालासोपाऱ्यात वाढलेल्या माणसाला खिडकी धरायला शिकवावं लागत नाही. डबा निम्मा रिकामा होता, त्यामुळे माझी धावपळ बघून दोनचार माणसं हसलीही असतील. पण समुद्र डावीकडे येतो हे मी नकाशात तीनदा बघून ठेवलं होतं, आणि एक गाणं ते जिथे जन्मलं तिथे ऐकायचं म्हणून पाच दिवसांतला एक अख्खा दिवस मोकळा ठेवला होता. नवरा म्हणाला होता, "गाणं घरीसुद्धा वाजतं." तो हॉटेलात झोपला.

गाणं म्हणजे फ्रेंच गायक शार्ल त्रनेचं 'ला मेर'. 'समुद्र', बस, एवढंच नाव. नाव ओळखीचं नसेल, पण चाल कानावरून गेलेली असते. मिस्टर बीन सुट्टीला फ्रान्सला जातो तो 2007 चा सिनेमा आठवा. शेवटी तो धडपडत 'कान' शहराच्या समुद्रकिनाऱ्यावर पोचतो, तेव्हा हेच गाणं लागतं. मीही ते पहिल्यांदा तिथेच ऐकलं. पुढे पुण्यात फ्रेंच शिकताना सरांनी त्याचे शब्द फळ्यावर लिहिले आणि अख्खा वर्ग एका ओळीवर अडला. तळ्याकाठचे ओले बोरू, पांढरे पक्षी इथवर ठीक होतं. पुढे आली गंजलेली घरं. घर कसं गंजेल? सर म्हणाले, "अहो, कवी आहे तो," आणि फळा पुसला.

जन्मकथा त्रनेनेच बऱ्याचदा सांगितलेली. 1943 साल. तो आपला पियानोवादक लेओ शोलियाकबरोबर याच मार्गावरून गाडीने चालला होता. खिडकीबाहेर पाणी, आणि डोक्यात सोळाव्या वर्षी लिहिलेल्या एका कवितेच्या ओळी. प्रवास संपायच्या आत गाणं कागदावर उतरलं. सालाकडे मात्र नीट बघायला हवं. नोव्हेंबर 1942 मध्ये जर्मन फौजा दक्षिण फ्रान्समध्येही घुसल्या होत्या. गाण्यात त्यातलं काही नाही. सैनिक नाही, तारेचं कुंपण नाही. उन्हाळी आभाळात समुद्र आपली पांढरी मेंढरं देवदूतांत मिसळून टाकतो, आणि अथांग निळाईची मेंढपाळीण होतो. हे पळून जाणं होतं की जिद्द, मला ठरवता येत नाही. त्रनेला स्वतःला तरी गाण्याचा भरवसा कुठे होता! तो होता 'गाणारा वेडा', उड्या मारणाऱ्या, झुलत्या चालींचा. ही संथ, जरा गंभीर चाल लोकांना रुचणार नाही असं त्याला वाटत होतं. म्हणून पहिली तबकडी आली ती दुसऱ्याच गायकाची, रोलां जेर्बोची. त्रनेने स्वतः ते ध्वनिमुद्रित केलं 1946 मध्ये, लढाई संपल्यावर.

सेत स्टेशनला एक सत्तरीच्या बाई चढल्या आणि समोर बसल्या. मांडीवर बेकरीचा खोका, त्यात तिएल. ऑक्टोपसचं तिखटसर सारण भरलेली ही केशरी पोळी सेतची खासियत. (मी नंतर खाल्ली. सारणात जीव आहे, कड मात्र कोरडी.) मी कानात फोनची वायर घालून खिडकीला चिकटले होते. गाडी सेतमधून सुटली आणि पाणी दोन्ही बाजूंना आलं. डावीकडे वाळू आणि तिच्यापलीकडे भूमध्य समुद्र, उजवीकडे 'तो' नावाचं खारं सरोवर. भूगोलाच्या पुस्तकात ज्याला खारकच्छ म्हणायचे, तेच. मधल्या चिंचोळ्या पट्टीवरून रूळ जातात. मी गाणं सुरू केलं.

"मादाम, तुम्ही चुकीच्या बाजूला बघताय," बाई म्हणाल्या.

माझ्या फोनवर त्रनेचं चित्र त्यांनी पाहिलं होतं. मी वायर काढली. त्या म्हणाल्या, "पॅरिसच्या लोकांना ते समुद्राचं गाणं वाटतं. आमच्यासाठी ते तळ्याचं आहे. बोरू समुद्रात उगवतात का?"

आता हे मला इतकी वर्षं का सुचलं नव्हतं? पालघर-वसईच्या खाडीकाठी वाढून? नायगाव-भाईंदरच्या पुलावरून हजारदा गेले असेन. लव्हाळी, बगळे, मिठागरं, चिखलात कलंडलेली होडी. त्याला आपण कधी समुद्र म्हटलं नाही, खाडीच म्हटलं.

मी जागा बदलून उजवीकडे गेले. तिथे पाण्यातून चौकटी वर आल्या होत्या, शेकड्यांनी, ओळीने, जणू कुणी पाण्यात मांडव घालायला घेतलाय आणि छत टाकायचं राहिलंय. कालवांची शेती. बाईंचं माहेर कालववाल्यांचं. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळपास नाहीच, त्यामुळे कालवं किनाऱ्यावर पसरून भागत नाही, दोरीला लावून सतत पाण्यात टांगावी लागतात. लावायची कशी? सिमेंटने. एकेक कालव हातात घेऊन दोरीवर सिमेंटचा ठिपका. "लहानपणी आईचे हात कायम राखाडी," असं म्हणून त्यांनी अंगठा आणि दोन बोटं जुळवून दाखवली. चिमूटभर मीठ घ्यावं तशी. आणि त्या चौकटींचे खांब? त्यातले बरेचसे रेल्वेचे जुने रूळ.

"आणि गंजलेली घरं?" मी विचारलं.

त्यांनी हनुवटीनेच दाखवलं. काठावर कालववाल्यांच्या खोपट्या. पत्र्याचं छप्पर, पत्र्याचं दार, खारा वारा. सगळं तपकिरी.

म्हणजे सर, तो कवी होता हे खरंच, पण त्याने जे दिसलं तेच लिहिलं होतं.

गाणं जेमतेम साडेतीन मिनिटांचं. सरोवर वीसेक किलोमीटर लांब. एकदा ऐकून संपलं तरी पाणी संपेना, दुसऱ्यांदा लावलं तरी संपेना. आग्द स्टेशन यायच्या आधी तिसरं आवर्तन अर्ध्यावर आलं होतं. ऐकताना एक लक्षात आलं: शेवटाला येईपर्यंत गाण्यात 'मी' नाहीच. समुद्र जोजवतो तो बोरूंना, पक्ष्यांना, घरांना. माझं काळीज येतं अगदी शेवटच्या ओळीत, रांगेत सगळ्यांच्या मागे उभं राहिल्यासारखं. गीतकार जॅक लॉरेन्सने या चालीवर इंग्रजी शब्द लिहिले तेव्हा नेमकं हेच उलटं केलं. तिथे समुद्रापलीकडे कुणीतरी प्रिय माणूस वाट बघत उभं आहे. अमेरिकन गायक बॉबी डॅरिनने ते नाचऱ्या ठेक्यावर म्हटलं आणि 1960 मध्ये अमेरिकेत गाजवलं. गिटारवादक जँगो राइनहार्ट आणि व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली यांनी त्याआधीच, 1949 मध्ये, रोममध्ये ते शब्दांशिवाय वाजवून ठेवलं आहे. मला विचाराल तर डॅरिनपेक्षा ते सरस. शब्द काढून घेतले तरी पाणी हलताना ऐकू येतं.

बाईंच्या नातवाला गाणं येतं, पण मिस्टर बीनमुळे. हे सांगताना त्यांच्या तोंडावर जे आलं ते बघून गाण्याशी माझी ओळख कुठे झाली हे मी सांगितलं नाही. कान इथून जवळजवळ तीनशे किलोमीटर पूर्वेला, आणि तिथे बोरू नाहीत.

नार्बोनला आम्ही दोघी उतरलो. त्रनेचं हे गाव. 18 मे 1913 ला तो इथे जन्मला, 2001 मध्ये गेला आणि त्याची समाधी इथेच आहे. ज्या घरात जन्मला ते स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि रस्त्याला आता त्याचंच नाव. दार बंद होतं. रुळांचा नकाशा तीनदा बघणाऱ्या मी घराची वेळ एकदाही बघितली नव्हती! फुटपाथवर उभी राहून खिडक्या मोजल्या, आतून गाडीची शिट्टी ऐकू येत असेल का याचा अंदाज घेतला आणि परत फिरले. नगरभवनासमोरच्या चौकात रोमन रस्त्याचा एक तुकडा उघडा करून ठेवलाय. त्याच्या दगडांवर बसून पोरं आइसक्रीम खात होती.

दुपारच्या गाडीने पुढे निघाले. नार्बोनच्या दक्षिणेला तर रूळ पाण्यातच घातल्यासारखे वाटतात. दोन्हीकडे उथळ तळी, वाऱ्याने सुरकुतलेली, त्यात गुलाबी ठिपके. ते रोहित पक्षी आहेत हे कळायला मला दोन मिनिटं लागली. गाणं आता लावलं नाही. मग एका वळणावर, एकटीच, एक खोपटी आली. बाजूची भिंत पत्र्याची, वरपासून खालपर्यंत गंजलेली, आणि तिच्यापुढे बोरू वाकलेले. तिन्ही गोष्टी एका चौकटीत होत्या, पांढरा पक्षी सुद्धा! मी फोन काढला, कॅमेरा उघडला, दाबलं.

फोटो त्याच संध्याकाळी सरांना पाठवला, "सर, गंजलेलं घर सापडलं" असं लिहून. फोटोत काचेवर पडलेलं माझं नाक आहे, शेजारच्या सीटची निळी पाठ आहे आणि मागे एक करडा पट्टा.

सरांचं उत्तर लगेच आलं. "घर कुठंय?"