पत्र्याआडचं लाकूड

ट्रेलरवरून गाडी उतरवली तेव्हा मालकांची तक्रार एवढीच होती, की डावं दार लावताना खाली घासतं. 1949ची ट्रायम्फ रोडस्टर 2000. टप मागे पाडता येणारी, गर्द हिरवा रंग नुकताच मारलेला, क्रोम झळझळीत. "बिजागरी जरा कसली की झालं," ते म्हणाले. मी दार उघडलं, खालून हात देऊन जरासं उचललं, तर बिजागरी, तिचा खांब आणि त्यावरच्या पत्र्याची कड असं सगळं एकदम वर आलं. खांब लाकडी होता, म्हणजे एके काळी असावा. स्क्रूला पेचकस लावायची गरजच पडली नाही, चिमटीत धरून ओढले तर बाहेर आले. मागोमाग गळला भुसा, आणि भुशाच्या मागे दिसली पुट्टी. चांगली मूठ-मूठ भरलेली.

इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीजवळच्या एका वर्कशॉपमध्ये मी जुन्या गाड्यांच्या बॉडीचं काम करतो. मूळचा सांगलीकडचा, घराणं सुताराचं. इंजिनिअरिंगची पदवी घेऊन इथं आलो आणि पोटापाण्याला शेवटी पटाशीच कामाला आली, म्हणून वडील अजून हसतात. या गाडीचं काम माझ्याकडे आलं ते त्यामुळेच.

मालकांना सांगायचं कसं, हाच मोठा प्रश्न. त्यांनी एकदा "संपूर्ण जीर्णोद्धारा"चे पैसे दुसरीकडे मोजलेले होते. कुठे, ते इथं लिहीत नाही. पण लाकूड कुजलंय हे दिसत असताना त्यावर पुट्टी थापून रंग मारणाऱ्याला कारागीर म्हणायची माझी तयारी नाही. आमच्या साहेबांनी त्यांना बोलावून दाराचा खांब हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "बाकीची गाडीही अशीच आहे?" साहेब म्हणाले, "उघडल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि उघडली की परत मिटता येणार नाही." रात्रभर विचार करून त्यांनी होकार कळवला.

या गाडीच्या पोटात लाकूड का, याचं उत्तर युद्धात आहे. ट्रायम्फचा कोव्हेंट्रीतला कारखाना 1940च्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला. 1944 साली स्टँडर्ड कंपनीच्या सर जॉन ब्लॅक यांनी ट्रायम्फचं नाव विकत घेतलं. जॅग्वारला तोडीस तोड गाडी काढायची त्यांची जिद्द होती. पण युद्ध संपलं तेव्हा पोलादाचा तुटवडा, आणि विमानांच्या उद्योगामुळे ॲल्युमिनियम मात्र मुबलक. स्टँडर्डनं स्वतः युद्धात मॉस्किटो ही लढाऊ विमानं बांधलेली होती. त्यामुळे पुढचे मडगार्ड सोडले तर बहुतेक बॉडी ॲल्युमिनियमची, आणि तिला आतून आधार ॲश लाकडाच्या सांगाड्याचा. क्रिकेटचे स्टंप करतात तेच लाकूड. हादरे सोसतं, स्क्रू घट्ट धरून ठेवतं, पण ओल लागली की गेलं. 1946 ते 1949 या काळात साडेचार हजारांच्या आसपास रोडस्टर बनल्या, त्यातल्या दोन हजार या मोठ्या इंजिनाच्या.

इंजिनाचं विशेष कौतुक नको. 2088 सीसीचं हे स्टँडर्डच्याच व्हॅनगार्ड गाडीचं इंजिन आणि फर्ग्युसन ट्रॅक्टरचं इंजिन एकाच घरातली भावंडं. त्यामुळे लायनर (पिस्टन ज्यांत फिरतो त्या नळ्या), सील असल्या वस्तू इथं आजही सहज मिळतात. लायनर ब्लॉकच्या वर तीन ते पाच थाऊ, म्हणजे इंचाचे हजारावे भाग, उभे राहिले पाहिजेत, तेवढं सांभाळलं की झालं. आमच्या इंजिनवाल्यानं ते काम उरकलं आणि मग कित्येक महिने माझ्याकडे "अजून लाकूडच का?" अशा नजरेनं बघत राहिला.

लाकूडच. रंग खरवडून पत्रा एकेक करून उतरवला तेव्हा डावी बाजू जवळजवळ पूर्ण गेलेली होती, उजवी बरी होती. एका तरुण सहकाऱ्यानं सुचवलं, की उजवी बाजू स्कॅन करावी, आरशातल्यासारखी उलटवावी आणि मशीनवर कापून मोकळं व्हावं. ऐकायला सोपं. पण हातानं बांधलेल्या वस्तूच्या दोन्ही बाजू सारख्या असतात यावर सुताराचा पोरगा विश्वास ठेवत नाही. डाव्या बाजूचा उतरवलेला पत्रा मी उजव्याच्या मापांशी ताडून पाहिला. मागच्या चाकाच्या कमानीपाशी चांगला बोटभर फरक. 1949 साली कुणीतरी सांगाडा उभा करून पत्रा बसेल तिथं लाकूड तासलं होतं. तेव्हा आम्हालाही पत्र्याकडूनच माप घ्यावं लागलं. पुठ्ठ्याचे साचे कापायचे, लाकूड तासायचं, लावून बघायचं, काढायचं, पुन्हा रंधा.

मालकांना वाटत होतं, एवीतेवी उघडलीच आहे तर सगळं लाकूड नवं घालावं. मी विरोध केला. उजव्या बाजूचं धड लाकूड काढून टाकलं असतं तर गाडीत 1949चं उरलं तरी काय असतं? शिवाय इथल्या ॲशच्या झाडांना बुरशीचा रोग लागलाय, झाडं मरताहेत. असल्या दिवसांत चांगलं लाकूड कचऱ्यात टाकायचं म्हणजे हात आखडतोच. शेवटी कुजलेला भाग कापून तिरक्या सांध्यानं नवा तुकडा जोडायचा, असं ठरलं. वेळ जास्त लागला, बिलही त्या मानानं वाढलं. मालकांनी कुरकुर केली, पण पैसे दिले.

दाराखालचा पत्राही पार गेलेला. लाकडात बसलेल्या लोखंडी खिळ्यांभोवती ॲल्युमिनियम पांढरं पडून पिठासारखं झालं होतं. तो भाग नव्यानं घडवला. ॲल्युमिनियम लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही, 660 अंशांना सरळ वितळून खाली पडतं. म्हणून पत्र्यावर साबणाची वडी घासायची आणि ज्योत फिरवत राहायचं. साबण आधी पिवळसर होतो, मग तपकिरी, मग काळा. काळा झाला की ज्योत बाजूला. निवल्यावर तोच पत्रा हातानं वाकवता येतो. मग इंग्लिश व्हीलवर, म्हणजे पत्रा दोन चाकांमध्ये दाबून फिरवायच्या यंत्रावर, गोलाई आणायची, ठोकून ठोकून तो पुन्हा कडक झाला की परत साबण.

सगळ्यात छळलं डिकीनं. या गाडीच्या डिकीत माणसं बसतात. झाकणाचे दोन भाग. पुढचा उभा केला की मागच्या प्रवाशांसाठी काचेचा पडदा होतो, मागचा पाडला की पाठ टेकायची सोय. चढायला मागच्या बंपरवर पायरी. बनवणाऱ्यांना भारी हौस असावी, कारण अशी बैठक असलेली कारखान्यातली ही शेवटची गाडी मानतात. दोन्ही झाकणं एकमेकांना न घासता बसवायची तर खालचा सांगाडा काटेकोर हवा, आणि गाडी स्वतःच्या चाकांवर उभी हवी. घोडीवर चढवून जुळवलेलं काहीही खाली उतरल्यावर जुळत नाही.

मालक न्यायला आले तेव्हा त्यांनी आधी डावं दारच उघडलं. मग एका बोटानं ढकललं. लागलं. पुन्हा उघडलं, पुन्हा ढकललं. मग उजवं. उजव्याची फट डाव्यापेक्षा किंचित मोठी आहे, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. ती कारखान्यातूनच तशी आली होती आणि मी मुद्दाम तशीच ठेवली होती. हल्ली प्रदर्शनांत सगळ्या फटी रेघ मारल्यासारख्या सरळ मागतात. 1949 साली त्या तशा नव्हत्याच. त्यांना हे पटलं की नाही, कोण जाणे. गाडी घेऊन गेले.

पहिल्या पावसानंतर त्यांचा फोन आला. टप चढवूनही डाव्या कोपऱ्यातून मांडीवर पाणी ठिबकतंय म्हणाले. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "डिकीत कोण बसलं होतं?" टप फक्त पुढच्यांवर येतो. पलीकडून जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही, मग ते म्हणाले, "मेव्हणा."