पोथीतलं पान सुटं मिळणार नाही

त्या शनिवारी लंडनमधल्या व्हाइटचॅपलच्या आमच्या सामाईक स्टुडिओची दारं सगळ्यांसाठी उघडी होती. भिंतीवर माझी काही चित्रं काचेआड होती आणि टेबलावर चाकरमान्याची पोथी.

मी कुडाळची. शेजारच्या पिंगुळीत ठाकर कलावंतांनी चित्रकथी पिढ्यान् पिढ्या जपली. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवायची. एका कथेच्या अशा सगळ्या चित्रांची मिळून एक पोथी. देवळात वीणा, टाळ, हुडुकाच्या साथीने एकेक पान लोकांसमोर धरत कथा गायची. २०२१ मध्ये परशुराम गंगावणे यांना पद्मश्री जाहीर झाली, ती याच कामासाठी.

मी ठाकर नाही. त्यांच्या रामायणाची नक्कल करून खाली माझी सही ठोकणं मला पटत नाही. मी घेतली ती रीत: बाजूने दिसणारे चेहरे, टपोरे डोळे आणि पाठीला पाठ. कथा आमच्या घरची आहे. आजोबा वेंगुर्ल्याहून बोटीने मुंबईला गेले, गिरणीत लागले, १९८२ च्या संपानंतर गावी परतले. बोटीच्या पानामागे आजी आहे, परड्यातल्या विहिरीवर, रहाट ओढताना.

दुपारी एक म्हातारे बांगलादेशी गृहस्थ आले, सिल्हेटचे. भिंतीकडे त्यांनी फारसं पाहिलं नाही. पोथी उघडली, पान उलटलं, पुन्हा उलटलं आणि मोडक्या हिंदीत विचारलं, “बेटी, इसका गाना कहाँ है?”

लहानपणी त्यांच्या गावात गाजीचा पट, म्हणजे चित्रांची लांब गुंडाळी घेऊन गाणारे येत. वाघावर बसलेला गाजी पीर, काठीने एकेक प्रसंग दाखवणारा गायक, भोवती गोळा झालेलं गाव. हातांनी हवेत पट उभा करून ते सांगत होते. चित्र आहे म्हणजे ते गाणारा कुणीतरी असणारच, यात त्यांना शंका नव्हती. इथल्या एकाही समीक्षकाने मला हे विचारलं नव्हतं.

मी पोथी मांडीवर उभी धरली आणि मालवणीत सांगू लागले. “बोट लागली रे लागली, आजो माझो चडलो…” पान फिरवलं, आजी दिसली. चाचा मान डोलावत होते. भाषा त्यांना कळत नव्हती, पण बोट सुटली हे कळलं. तेही जहाजावर खलाशी होते, घरी बायकोला ठेवून आलेले. आजीच्या पानावर त्यांनी मला हाताने थांबवलं आणि बराच वेळ पाहत राहिले.

गर्दीतल्या एका संग्राहक बाईंना बोटीचं पान हवं होतं, तेवढंच, फ्रेम करून. किंमत चांगली होती, स्टुडिओचं काही महिन्यांचं भाडं निघालं असतं. मी पान उलटून आजी दाखवली. फ्रेम केली तर ही कायमची भिंतीकडे तोंड करून राहणार. आजोबा निघून गेले एवढीच गोष्ट उरणार, मागे घर कुणी चालवलं ते कुणालाच दिसणार नाही. पोथी अख्खी घ्या, नाहीतर नको, असं मी सांगितलं. त्यांनी घेतली नाही.

चित्रकार एस. एच. रझा १९५० मध्ये फ्रान्सला गेले, पण त्यांच्या चित्रांत बिंदू ठळक झाला तो जवळजवळ तीस वर्षांनी. तेव्हा मला घाई नाही. सध्या हीथ्रोची पानं रंगवतेय, आणि या वेळी चित्राआधी ओव्या लिहून घेते आहे. चाचांनी पुढच्या शनिवारी पत्नीला घेऊन येतो म्हटलंय.