तुम्ही विचारलंत म्हणून: ‘पँडोरा’चा विग्रह

‘पँडोरा या नावाचा अर्थ काय? मुलीला ठेवलं तर वाईट का?’ हा प्रश्न दोन तऱ्हेची माणसं विचारतात. एक म्हणजे परदेशात राहणारे, बाळासाठी तिथेही आणि इथेही चालेल असं नाव शोधणारे आईबाप. दुसरे म्हणजे अग्रलेखात ‘पँडोराची पेटी उघडली’ हे वाचून ही बाई होती तरी कोण, असं कुतूहल वाटलेले वाचक. पँडोरा ही ग्रीक पुराणकथांतली पहिली स्त्री. दोघांना उत्तर एकच आहे. नाव चांगलं आहे, त्याभोवतीची गोष्ट वाईट आहे, आणि त्या गोष्टीतली पेटी तर चुकून आलेली आहे.

आधी नाव फोडू. ‘पन्’ म्हणजे सर्व आणि ‘दोरोन’ म्हणजे देणगी. हे ‘दोरोन’ आपल्याला अजिबात परकं नाही. ग्रीकमध्ये ‘मी देतो’ला ‘दिदोमि’ म्हणतात, संस्कृतात ‘ददामि’. धातू तोच, ‘दा’. फक्त नाम घडवताना ग्रीकनं ‘र’ प्रत्यय लावला आणि संस्कृतनं ‘न’, म्हणून तिकडे दोरोन आणि इकडे दान. लॅटिन ‘दोनुम’ संस्कृतच्या बाजूला गेलं, रशियन ‘दार’ ग्रीकच्या. तेव्हा वरदा, शुभदा, सुखदा या आपल्या नावांतला ‘दा’ आणि पँडोरातला ‘दोरा’ ही एकाच घराण्यातली भावंडं आहेत.

फोडताना चुका होतात त्या पहिल्या अर्ध्या भागात. बकऱ्याच्या पायांचा जो पॅन देव आहे, त्याचा इथे संबंध नाही. त्याचं नाव ‘सर्व’वरून आलं अशी व्युत्पत्ती ग्रीकांनीही सांगितली होती (सगळ्या देवांना तो आवडला म्हणे), पण ती शब्दखेळाच्या पलीकडे टिकत नाही. ‘पांदूरा’ हे लांब दांड्याचं ग्रीक तंतुवाद्यही वेगळं. मँडोलिनचं नाव त्याच्याकडे जातं, पँडोराचं नाही. आणि हो, पांडुरंगाशीही काही नातं नाही. विचारतात, म्हणून सांगून टाकलं.

आता खरी मेख. दोन्ही पदं कळली तरी अर्थ लागत नाही, कारण समासाचा विग्रह दोन प्रकारे होतो. शाळेत बहुव्रीही शिकवला होता तो इथे कामाला येतो. ‘सर्व काही जिच्या देणग्या आहेत ती’ असा विग्रह केला तर पँडोरा होते सगळं देणारी. ‘सर्वांनी जिला देणग्या दिल्या ती’ असा केला तर ती होते सगळ्यांकडून मिळालेली. मराठीत हा घोळ होत नाही, कारण आपल्याकडे देणारीला ‘वरदा’ आणि दिलेल्याला ‘देवदत्त’ असे वेगळे शेपूट आहेत. ग्रीक ‘-दोरा’ दोन्हीकडे चालतं. थिओडोर आणि डोरोथी ही नावंही त्याच तुकड्यांची, मागेपुढे करून जोडलेली. तिथे ‘देवाची देणगी’ हा एकच अर्थ रूढ झाला एवढंच.

पँडोराचा दुसरा विग्रह लोकांच्या माथी बसवला तो हेसिअडनं. हा ग्रीसमधल्या बोइओशियाचा, आस्क्रा गावचा कवी, इ.स.पू. ७००च्या सुमाराचा. शेतीच्या कामांवर आणि शहाणपणावर त्याचं ८२८ ओळींचं काव्य आहे. त्यात ८० ते ८२ या ओळींत तो सरळ सांगतो की ऑलिंपस पर्वतावरच्या सर्व देवांनी देणगी दिली म्हणून देवांचा दूत हर्मीस यानं या स्त्रीचं नाव पँडोरा ठेवलं, आणि ती भाकरी खाणाऱ्या माणसांच्या मुळावर आली. गंमत अशी की त्याची ग्रीक ओळही दुहेरी आहे. प्रत्येकानं तिला काही दिलं, असंही वाचता येतं. सगळ्यांनी मिळून तिलाच माणसांना देऊन टाकलं, असंही. मला वाटतं हेसिअडला दोन्ही हवे होते. देवांच्या वंशावळीवरच्या त्याच्या दुसऱ्या काव्यात हीच पहिली स्त्री घडवली जाते, पण तिथे तिला नावच नाही.

आणि पहिल्या अर्थाला पुरावा काय? ग्रीक नाटककार अॅरिस्टोफेनिसच्या इ.स.पू. ४१४ मधल्या एका प्रहसनात एक भोंदू भविष्यवाला सांगतो, पँडोराला आधी पांढऱ्या लोकरीचा मेंढा वाहा. मेंढा देवतेला वाहतात, अवदसेला नाही. त्या नाटकाचा जुना भाष्यकार त्यावर खुलासा करतो की पँडोरा म्हणजे पृथ्वी, कारण जगायला लागणारं सगळं ती देते. ब्रिटिश म्युझियममध्ये इ.स.पू. ४६०च्या आसपासचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा एक प्याला आहे. त्यावर अथीना देवी आणि कारागीर देव हेफेस्टस या दोघांच्या मधे हीच स्त्री उभी आहे, पण नाव लिहिलंय ‘अनेसिदोरा’: देणग्या वर पाठवणारी, म्हणजे जमिनीतून पीक वर काढणारी. ऑक्सफर्डच्या अॅशमोलियनमधल्या एका भांड्यावर तर ती कमरेपर्यंत जमिनीतून वर येताना दिसते, आणि शेजारी हातात मोगरी घेतलेला तिचा नवरा एपिमीथिअस. तिथे नाव मात्र पँडोराच. ही चित्रं हेसिअडच्या नंतरची आहेत हे खरं, म्हणून ‘भूमातेचा अर्थच आधीचा’ हे तारखांनी सिद्ध होत नाही. पण एखादा कवी नावाचा अर्थ इतका ठासून सांगतो, तेव्हा ते नाव लोकांच्या तोंडी आधीच दुसऱ्या अर्थानं असावं, असं मानायला जागा राहते. शिवाय पुराणकथांत या नावाच्या आणखीही स्त्रिया आहेत. एक अथेन्सचा राजा एरेख्थिअसची मुलगी, दुसरी ड्यूकेलिअनची. अपशकुनी नाव लोक असं पुन्हा पुन्हा ठेवत नाहीत.

गोष्ट थोडक्यात सांगतो. प्रोमीथिअसनं (नावाचा अर्थ ‘आधी विचार करणारा’) माणसांसाठी आग चोरली, म्हणून चिडलेल्या झ्यूसनं, देवांच्या राजानं, ही स्त्री करवून घेतली. हेफेस्टसनं माती आणि पाणी मळून तिला घडवलं, अथीनानं विणकाम शिकवलं, अॅफ्रोडायटीनं मोहकपणा दिला, हर्मीसनं कावेबाज मन दिलं. झ्यूसकडून काही घेऊ नकोस असं भावानं, म्हणजे प्रोमीथिअसनं, बजावूनही एपिमीथिअसनं, म्हणजे ‘नंतर विचार करणाऱ्यानं’, तिला घरात घेतलं. पुढे तिनं एका भांड्याचं झाकण काढलं आणि रोग, कष्ट जगभर पसरले; आत उरली फक्त ‘एल्पिस’, म्हणजे आशा. हेसिअडच्या ओळींत तिला ‘उघडू नको’ असं कोणीही सांगितलेलं नाही. तिच्या कुतूहलाबद्दल अवाक्षर नाही. भांडं कुठून आलं हेही नाही. हे सगळं नंतरच्या सांगणाऱ्यांनी भरलं.

भांडं कोणतं? शब्द आहे ‘पिथोस’. याला मराठीत अगदी नेमका शब्द आहे: रांजण. तेल, दारू, धान्य साठवायचं मातीचं मोठं भांडं. क्रीटमधल्या क्नॉसोसच्या राजवाड्यात माणसाच्या उंचीचे पिथोस सापडले आहेत. तळ निमुळता असतो, म्हणून बऱ्याचदा खालचा भाग जमिनीत पुरतात. एवढं भांडं एका दमात थापता येत नाही. थरावर थर चढवायचा, खालचा थर जरा आवळला की पुढचा, नाहीतर स्वतःच्याच वजनानं बसतं. अशी वस्तू काखोटीला मारून कोणी फिरत नाही. ती घराचं कोठार असते. त्याच काव्यात हेसिअड शेतकऱ्याला सल्ला देतो: रांजण नुकता उघडला असेल किंवा संपत आला असेल तर पोटभर घ्या, मधे जपून वापरा, तळाला लागल्यावर काटकसर करून उपयोग नाही. अथेन्समध्ये तर नव्या दारूचे पिथोस उघडण्याचा वेगळा दिवसच होता, अँथेस्टेरिया सणाचा पहिला.

रांजण डोळ्यांसमोर ठेवला की आत उरलेल्या ‘एल्पिस’चा प्रश्नही वेगळा दिसतो. एल्पिसला आपण ‘आशा’ म्हणतो. ग्रीकमध्ये त्यात नुसती ‘अपेक्षा’ही येते, बरी किंवा वाईट. ती काठाखाली अडकली ती माणसांसाठी राखली गेली, की माणसांपासून कोंडली गेली? यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पेटी म्हटलं की कैद सुचते, कोठार म्हटलं की शिल्लक. मी शिल्लकच्या बाजूचा, पण रोगराई त्याच भांड्यात का साठवली होती हा प्रश्न मलाही सुटलेला नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या बाब्रिअस या ग्रीक कथाकाराच्या कथेत ही अडचणच नाही. तिथे रांजणात सगळ्या चांगल्या गोष्टी होत्या, माणसानं झाकण काढल्यावर त्या देवांकडे उडून गेल्या, एल्पिस तेवढी मागे राहिली. आणि झाकण काढणारी पँडोरा नाही, नुसता ‘माणूस’ आहे.

मग पेटी आली कुठून? इरॅस्मस या डच पंडितानं. म्हणींच्या आपल्या संग्रहाच्या १५०८च्या आवृत्तीत ही गोष्ट लॅटिनमध्ये सांगताना त्यानं ‘पिथोस’च्या जागी ‘पिक्सिस’ लिहिलं. पिक्सिस म्हणजे झाकणाची छोटी डबी, सौंदर्यप्रसाधनांची. आपला कुंकवाचा करंडा म्हणा. सायकी नावाच्या दुसऱ्या एका नायिकेनं न उघडायची डबी उघडल्याची लॅटिन कथा आहे, तिच्याशी गल्लत झाली असावी असा तर्क आहे, आणि तो पटतो. कारण मनाई आणि कुतूहल दोन्ही त्या कथेत आहेत. इंग्रजीतला ‘बॉक्स’ हा शब्दही मुळात पिक्सिसवरूनच निघालेला. अशा रीतीनं रांजणाचा करंडा झाला, करंड्याचा बॉक्स, आणि इंग्रजीतून आपल्याकडे येताना पेटी. या चुकीचा माग काढणारं १९५६चं प्रसिद्ध पुस्तक पॅनोफ्स्की या कला-इतिहासकार पतिपत्नींचं आहे. त्यातल्या पत्नीचं नाव डोरा.

वाक्प्रचार आता रुळला आहे. बातमीत ‘पँडोराचा रांजण’ लिहिलात तर वाचक अडखळेल, तेव्हा तिथे पेटीच राहू द्या. मूळ काव्याबद्दल किंवा त्याच्या भाषांतरात मात्र रांजणच लिहा. नाव ठेवणार असाल तर उच्चाराचा एक पर्याय हाताशी ठेवा. ‘पँडोरा’ हे इंग्रजीतून आलेलं रूप. प्राचीन ग्रीक द दंत्य होता आणि जोर मधल्या अक्षरावर, म्हणून ‘पन्दोरा’ हे मुळाच्या जास्त जवळ. आजीला ते म्हणायलाही सोपं जाईल. आणि कोणी अर्थ विचारलाच तर पहिला विग्रह सांगा.