वडिलांनी देऊ केलेली परवानगी

आठवीच्या वर्गात एका मुलाने चिडून वर्गमित्राच्या डोक्यावर खुर्ची उगारली, तेव्हा तास घेत असलेल्या शिक्षकांनी त्याचे मनगट घट्ट धरून ती काढून घेतली आणि त्याला माझ्या कार्यालयात आणले. मनगटावर वळ उमटला होता. मुलापेक्षा शिक्षकच अधिक धास्तावलेले होते. "सर, हात लावला म्हणून माझ्यावर कारवाई होईल का?" हाच त्यांचा पहिला प्रश्न होता.

मुख्याध्यापक या नात्याने मी त्यांना सांगितले की, शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई केली आहे; दुसऱ्याचे डोके फुटू नये म्हणून हात धरणे ही शिक्षा नव्हे, आणि स्वतःचा वा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी गरजेपुरते बळ वापरण्याचा हक्क भारतीय न्याय संहितेने शिक्षकालाही दिलेला आहे. खुर्ची हाती आल्यावर एक थप्पड मारली असती, तर मात्र हा बचाव उरला नसता. घडलेले सारे त्यांच्याकडून तत्काळ लिहून घेतले आणि वळाचा उल्लेख आग्रहाने करायला लावला, कारण लपवलेली खूणच पुढे गळ्याशी येते.

शिक्षककक्षात तोवर 'दाखला देऊन टाका' हा सूर लागला होता. कलम १६ नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, एवढेच मी सांगितले.

दुपारी वडील आले. ते तक्रार करतील असे वाटले होते. त्यांनी उलट कोरा कागद मागितला. "साहेब, फोडून काढा त्याला. माझी काही हरकत नाही, लिहून देतो." तक्रारीला उत्तर देणे याहून सोपे गेले असते. कलम १७ मध्ये पालकांच्या संमतीचा अपवाद नाही. असा कागद असूनही सेवा नियमांप्रमाणे कारवाई शिक्षकावरच होते. शिवाय बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७५ मुलाचा ताबा असणाऱ्या कोणालाही, म्हणजे घरी मारहाण करणाऱ्या बापालाही, लागू पडू शकते आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, हे ऐकल्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. अखेर त्यांनी मुलाला समुपदेशकाकडे पाठवण्यास लेखी संमती दिली.

ज्याच्यावर खुर्ची उगारली गेली, त्या मुलाच्या आईचे मात्र समाधान झाले नाही, आणि तिचा राग मला रास्त वाटला. दोघांची बसण्याची जागा बदलली, मधल्या सुट्टीत लक्ष ठेवण्याची जबाबदारी नेमून दिली आणि तिचा लेखी अर्ज शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढील बैठकीसमोर ठेवला.